मोबाइलच्या व्हिडिओतला आवाज फ्लॅकमध्ये काढायचा की आहे तसाच ठेवायचा?

अंबाजोगाईकर
आजीने जात्यावर म्हटलेल्या ओव्यांचे मोबाइलवर घेतलेले २३ व्हिडिओ माझ्याकडे आहेत. आजी गेल्या वर्षी गेली. आता त्यातला नुसता आवाज काढून घरात सगळ्यांना द्यायचाय. चुलतभाऊ म्हणतो, फ्लॅक फाइल कर, ती लॉसलेस असते, म्हणजे आवाजातलं काही न गाळता साठवते. मला हे अजिबात पटत नाही. माझ्या फोनने टिपतानाच आवाज एएसीमध्ये, म्हणजे थोडे तपशील गाळून फाइल लहान करणाऱ्या फॉरमॅटमध्ये, दाबलाय. तेव्हा जे गेलं ते फ्लॅक परत आणत नाही, फाइल तेवढी फुगते. एफएफएमपेग या व्हिडिओ-ऑडिओच्या प्रोग्रॅमला ऑडिओ 'कॉपी' करायला सांगितलं की आतला एएसी जसाच्या तसा एमफोरए या नुसत्या आवाजाच्या फाइलमध्ये येतो. पुन्हा एन्कोडिंग, म्हणजे पुन्हा दाबणं, होतच नाही. तासाभराचा व्हिडिओही काही सेकंदांत उरकतो. माझ्या दृष्टीने खरं लॉसलेस हेच.

परभणीचा पोरगा
असहमत. तुम्ही नुसतं जपून ठेवायचं बघायलात, पुढं वापरायचं नाही. ऐकायला देण्याआधी जात्याची घरघर कमी करावी लागेल, सुरुवातीचं खाकरणं कापावं लागेल. दर वेळी एएसीत सेव्ह केलं की दर वेळी थोडं झिजतं. फ्लॅकमध्ये दहादा सेव्ह करा, काही कमी होत नाही. शिवाय फ्लॅकच्या पोटात मूळ ध्वनीचा एमडी५, म्हणजे त्यावरून काढलेला ओळख-आकडा, असतो, त्यामुळे पाच वर्षांनी फाइल बिघडली का ते तपासता येतं. फॉरमॅट खुला आहे, २००१ पासून चालतोय, आणि डिसेंबर २०२४ मध्ये आरएफसी ९६३९ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात त्याचं मानकही निघालं.

अंबाजोगाईकर
घरघर कमी करायची? का म्हणून? ओवी त्या फेऱ्यावरच चालते. खुंटा पुढं गेला की बांगड्या वाजतात, ओढून जवळ आला की आजी श्वास घेते, आणि मग दुसरी ओळ येते. एका व्हिडिओत ती मधेच थांबून विचारते, "चालू हाय का रं ते?" त्यातलं मी काहीच कापणार नाही.

लातूर रोड
दोघंही एक गोष्ट विसरताय, मूळ फाइलमध्ये काय आहे ते आधी बघा. मीडियाइन्फो या प्रोग्रॅममध्ये फाइल उघडली की कोडेक, म्हणजे आवाज कोणत्या पद्धतीने साठवलाय ते, दिसतो. आमच्याकडे बहिणीच्या लग्नाची मिनीडीव्ही टेप, म्हणजे व्हिडिओ कॅमेऱ्याची छोटी डिजिटल कॅसेट, होती. तिच्यावर आवाज दाबलेला नव्हता, ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट पीसीएम, म्हणजे कच्चा, होता. शहरातल्या एका स्टुडिओने ती डीव्हीडीवर उतरवताना आवाज एसी-३ या फॉरमॅटमध्ये दाबला, आणि मी "लॉसलेस द्या" म्हटल्यावर त्याच डीव्हीडीतून वेव्ह, म्हणजे न दाबलेली फाइल, काढून दिली. तासाला जवळपास ६९० एमबी! आकार बघून मी खूश. नंतर कॅमेरा उसना आणून टेप स्वतः उतरवली, तेव्हा कळलं की हळदीच्या गाण्यातल्या टाळ्या त्या वेव्हमध्ये किती बोथट झाल्या होत्या. टेपसारख्या मुळाला फ्लॅकच हवं, तिथं एएसी करणं म्हणजे हातातलं घालवणं. मोबाइलच्या व्हिडिओला मात्र कॉपी पुरे.

नांदेडहून
आणि व्हॉट्सॲपवर आलेले व्हिडिओ घेऊन बसू नका ओ. तिथं आवाज अजून एकदा दाबला जातो. मूळ फोनमधून केबलनं काढा.

परभणीचा पोरगा
हे मान्य. मोबाइलच्या फाइलचं मूळ म्हणून कॉपी केलेली एमफोरएच ठेवा, फ्लॅकने दर्जा वाढत नाही. पण अंगणात घेतलेल्या व्हिडिओंत वारा घुसलेला असणार. तो कमी केलेली प्रत पुन्हा एएसीत कोंबू नका, २४ बिट फ्लॅकमध्येच ठेवा. यावर मी ठाम आहे.

अंबाजोगाईकर
वारा चार व्हिडिओंत आहे. त्या चारांची फ्लॅक प्रत वेगळी करतो. जातं सगळ्यांत राहील.