मुद्दाम पाणी उडवणाऱ्या वाहनचालकांना शिक्षा व्हावी का? सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

सचिव (बी-१०४): सर्व सभासदांना नमस्कार. काल सकाळी शाळेच्या बसथांब्यापाशी एका गाडीने मुलांच्या अंगावर डबक्यातले पाणी उडवण्याचा जो प्रकार घडला, त्यावर रात्रीपासून बरेच संदेश आले असून त्यांतले काही रागाच्या भरात लिहिलेले आहेत. गाडीचा क्रमांक ज्यांनी येथे टाकला होता, त्यांनी माझ्या विनंतीवरून तो काढून टाकला, याबद्दल आभार. सोसायटीच्या कॅमेऱ्याच्या चित्रणात क्रमांक अर्धवटच दिसतो आणि एका अंकाची चूक झाली तर आपण भलत्याच माणसाच्या मागे लागू. आता प्रश्न एकच ठेवू या : पायी चालणाऱ्यांच्या अंगावर मुद्दाम पाणी उडवणाऱ्या वाहनचालकाला शिक्षा व्हावी का, आणि व्हायची असेल तर कोणत्या कायद्याने? शुभ सकाळचे संदेश आज दुपारपर्यंत थांबवले तर बरे होईल.

ए-३०२ (जोशी ताई): मी तेथे होते, म्हणून जे दिसले तेवढेच लिहिते. चेंबर तुंबल्यामुळे फुटपाथच्या कडेने एखादी बस उभी राहील इतके लांब डबके साठले आहे आणि त्यातल्या खड्ड्याची खूण म्हणून कोणीतरी गुलमोहराची फांदी खोचून ठेवली आहे. ती गाडी रस्त्याच्या मधून येत होती, समोरून एकही वाहन नव्हते, म्हणजे सरळ निघून जायला रस्ता मोकळा होता. तरीही मुलांच्या थोडे अलीकडे ती डावीकडे वळली, फांदी आणि फुटपाथ यांच्या मधून बरोबर गेली आणि पाणी उडाल्यावर पुन्हा मध्ये आली. ब्रेकचे दिवे एकदाही लागले नाहीत. मुलांचे गणवेश, दप्तरे आणि शिंदे आजींच्या हातातली औषधांची पिशवी, सगळे चिखलाने माखले. गाडीची मागची काच उघडी होती आणि आतून हसण्याचा आवाज आला, हे मी कोणासमोरही सांगायला तयार आहे.

सी-५०१ (रोहन): ताई, मग याला नजरचूक म्हणताच येणार नाही. मी उद्यापासून थांब्यावर हातात दगड घेऊन उभा राहतो. एकदा काच फुटली की पुन्हा कोणी त्या डबक्याच्या वाटेला जाणार नाही.

डी-२०१ (साठे काका, वकील): रोहन, तू दगडाचा विषय काढलास हे एका अर्थी बरे झाले, कारण आपल्या फौजदारी कायद्यात नेमके दगडाचे आणि पाण्याचेच उदाहरण आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ३५० खाली ‘फौजदारीपात्र बलप्रयोग’ समजावून सांगताना असे म्हटले होते की, एखाद्याने दगड फेकला, तो पाण्यावर आपटून ते पाणी दुसऱ्याच्या कपड्यांवर किंवा त्याच्या हातातल्या वस्तूवर उडेल हे त्याला ठाऊक होते, आणि त्या माणसाला इजा करणे, घाबरवणे किंवा त्रास देणे हा त्याचा उद्देश होता, तर तो बलप्रयोगाचा गुन्हा होतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ही व्याख्या कलम १२९ मध्ये तशीच आली आहे आणि कलम १३१ प्रमाणे तीन महिन्यांपर्यंत कैद, १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दगडाच्या जागी मोटारीचे चाक घातले तर काल सकाळचा प्रसंगच तयार होतो. त्यामुळे ‘शिक्षा असावी का’ हा प्रश्न आपल्याकडे दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच निकालात निघाला आहे. तू काच फोडलीस तर मात्र ती ‘आगळीक’, म्हणजे मालमत्तेचे नुकसान करण्याचा गुन्हा, ठरेल आणि आरोपीच्या पिंजऱ्यात तू उभा राहशील.

बी-६०२ (कुलकर्णी काका): साठे साहेबांच्या ज्ञानाबद्दल पूर्ण आदर राखून विचारतो, कपड्यांवर चिखल उडाला म्हणून माणसाला तीन महिने आत टाकायचे का? आमच्या लहानपणी पावसाळ्यात एसटीने अंगावर पाणी उडवले नाही असा दिवस जात नसे. आम्ही घरी येऊन कपडे धुतले आणि विषय संपला. पोलिसांना खून, दरोडे आणि सायबर फसवणूक सोडून डबक्यांची चौकशी करायला लावणे मला पटत नाही.

ए-३०२ (जोशी ताई): काका, एसटीचा चालक आपल्याला पाहून वळत नसे. फरक तेवढाच आहे आणि माझे म्हणणेही तेवढेच आहे.

सी-१०१ (डॉक्टर): कपडे धुण्यापुरता विषय नाही, एवढेच सांगतो. तुंबलेल्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळलेले असू शकते आणि ते पायावरच्या जखमेतून किंवा डोळ्यांतून शरीरात गेल्यास लेप्टोस्पायरोसिस होण्याची शक्यता असते. पाण्यातून चालत जाण्याइतका हा धोका उडालेल्या थेंबांत नसतो, तेव्हा कोणी घाबरू नये. परंतु ज्यांच्या डोळ्यांत पाणी गेले आहे किंवा अंगावर उघडी जखम होती, त्यांनी संध्याकाळी माझ्याकडे येऊन जावे.

बी-४०२ (गायकवाड, टॅक्सीचालक): मी रोज दहा-बारा तास गाडी चालवतो, त्यामुळे चालकाची बाजू मांडणे माझे काम आहे. मुसळधार पावसात काचेवर वायपर फिरत असताना, मागचा बसवाला हॉर्न देत असताना आणि उजवीकडून मोटारसायकली घुसत असताना डबके चुकवायला गाडी अचानक वळवली तर एखाद्या दुचाकीवाल्याचा जीव जाईल. अशा वेळी पाणी उडते, आम्हालाही वाईट वाटते, पण थांबून माफी मागायलाही जागा नसते. अशा चालकाला गुन्हेगार ठरवू नका. मात्र कालच्या माणसाबद्दल माझे मत वेगळे आहे. पाण्याखाली खड्डा किती खोल आहे हे दिसत नसताना कोणताही शहाणा चालक वेगात चाक घालत नाही, कारण टायर फुटतो, रिम वाकते, सस्पेन्शन जाते आणि खर्च आपल्याच बोकांडी बसतो. ज्याला फांदीच्या आतून जागा आहे हे ठाऊक आहे, तो या रस्त्याने रोज जाणारा आहे आणि त्याने आधीच अंदाज घेतलेला आहे.

डी-२०१ (साठे काका): गायकवाड, तुम्ही न्यायालयात चांगले साक्षीदार ठराल. उद्देश कोणाच्या मनात शिरून पाहता येत नाही, तो अशाच खुणांवरून ठरवावा लागतो : मोकळा रस्ता सोडून वळणे, ब्रेक न लावणे, पाणी उडाल्यावर पूर्वीच्या रेषेत परतणे. पण आता अडचणही सांगतो. कलम १३१ चा गुन्हा अदखलपात्र आहे, म्हणजे पोलीस ठाण्यात तुमची एन.सी. (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतील आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करता येत नाही असे सांगतील, आणि तसे सांगण्यात त्यांची चूकही नसेल. पुढे न्यायालयात जायचे ते तक्रारदाराने, तारखा सोसायच्या त्यानेच आणि गाडी कोण चालवत होते हे सिद्ध करायचे तेही त्यानेच. कायद्यात शिक्षा आहे, ती होण्याची वाट मात्र इतकी लांब आहे की गणवेशाच्या धुलाईसाठी त्या वाटेने कोणी जात नाही.

ए-७०३ (मराठे काकू): माझी मुलगी इंग्लंडमध्ये असते, तिने काल रात्री सांगितलेले लिहिते. तिकडे १९८८ च्या रस्ते वाहतूक कायद्यातील तिसऱ्या कलमात बेफिकीर आणि इतरांचा विचार न करता वाहन चालवणे हा गुन्हा आहे आणि डबक्यातून जाऊन पादचाऱ्यांवर पाणी उडवणे हे त्याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे. जागेवरच्या नोटिशीत १०० पौंड दंड आणि परवान्यावर ३ गुण पडतात. तीन वर्षांत असे १२ गुण झाले की परवानाच जातो. मला महत्त्वाचे वाटले ते असे की, तेथे चालकाच्या मनात काय होते हे शोधत बसावे लागत नाही. त्याच्या चालवण्याने दुसऱ्याची गैरसोय झाली आणि त्याला ती टाळता येण्यासारखी होती, एवढे पुरते.

सी-५०१ (रोहनचे बाबा): रोहनच्या दगडाबद्दल त्याच्याशी घरी बोलणे झाले आहे. मराठे वहिनींच्या मुद्द्याला पुस्ती जोडतो. मी जपानमध्ये नोकरीला होतो, तेथील रस्ते वाहतूक कायद्याच्या कलम ७१ मध्ये चालकाच्या कर्तव्यांची जी यादी आहे, तिच्यातले पहिलेच कर्तव्य हे आहे की, चिखलातून किंवा पाण्यातून जाताना चिखलरोधक बसवून किंवा वेग अगदी कमी करून इतरांच्या अंगावर चिखल अथवा घाण पाणी उडू देऊ नये. मोडल्यास साध्या मोटारीला ६००० येन आणि लहान स्कूटरला ५००० येन भरावे लागतात, परवान्यावर गुण मात्र पडत नाहीत. रक्कम फार मोठी नाही आणि कैदेचे तर नावच नाही. गायकवाड दादांची शंकाही त्यात मिटते, कारण डबके चुकवा असे हा नियम म्हणत नाही, हळू जा असे म्हणतो, आणि वेग कमी करणे हे भर पावसातही चालकाच्या पायाखालीच असते.

बी-४०२ (गायकवाड): हळू जाण्याला माझी हरकत नाही. हळू गेल्यावर मागून शिव्या देणाऱ्यालाही दंड लावा, एवढीच विनंती.

डी-२०१ (साठे काका): या दोन संदेशांमुळे मला जे म्हणायचे आहे ते सोपे झाले. आपला कायदा उद्देशाला मोठी शिक्षा सांगतो, ती पदरात पडत नाही. तिकडचे कायदे निष्काळजीपणाला लहान शिक्षा सांगतात, ती पदरात पडते. माझे स्पष्ट मत असे की, ‘मुद्दाम’ हा शब्द आपण दंडाची पूर्वअट करू नये. मुद्दाम असेल तर जास्त, नुसती बेपर्वाई असेल तर कमी, पण वेग कमी न करता माणसांच्या अंगावर पाणी उडवणे एवढ्यालाच चलान फाटले पाहिजे. आणि यासाठी नवा कायदा येईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम १८४ मध्ये २०१९ साली दुरुस्ती होऊन, रस्त्यावरील इतरांना किंवा रस्त्यालगतच्या व्यक्तींना भय अथवा क्लेश वाटेल अशा रीतीने वाहन चालवणे हेही धोकादायक चालवण्यात धरले गेले आहे. पहिल्या गुन्ह्याला किमान १००० आणि कमाल ५००० रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद अशी तरतूद आहे. त्या जागेचे स्वरूप, तिची अवस्था आणि तेथे असणारी वर्दळ लक्षात घ्या, असे तेच कलम सांगते. शाळेची मुले उभी असलेला बसथांबा आणि त्याला लागून भरलेले डबके, यापेक्षा जागेचे स्वरूप आणखी काय दाखवायचे?

बी-६०२ (कुलकर्णी काका): लहान दंडाला माझी ना नाही, माझा विरोध कैदेला होता. पण एक गोष्ट कोणीच बोलत नाही. ज्यांच्यामुळे चेंबर तुंबले, ज्यांनी गेल्या उन्हाळ्यात रस्ता खोदून तसाच सोडला, त्यांना कोण चलान फाडणार? डबकेच नसते तर हा हलकट माणूस काय उडवणार होता? शब्दाबद्दल क्षमस्व.

ए-३०२ (जोशी ताई): डबक्याची तक्रार करूच, काका. तरी त्या डबक्याशेजारून त्याच सकाळी इतर गाड्याही गेल्या आणि त्यांतल्या बहुतेकांनी वेग कमी केला, एका रिक्षावाल्या दादांनी तर मुले मागे सरकेपर्यंत रिक्षा थांबवली. डबके सगळ्यांसाठी सारखेच होते. आणि मुले रस्त्यावर का उभी होती, तेही लिहिते : फुटपाथवर आपल्याच सोसायटीत येणाऱ्या पाहुण्यांच्या स्कूटर लावलेल्या होत्या.

सचिव (बी-१०४): स्कूटरचा मुद्दा मान्य आहे. सुरक्षारक्षकांना आजच सूचना देतो की, पाहुण्यांच्या दुचाकी आत घेऊन पंपाजवळच्या मोकळ्या जागेत लावाव्यात.

सी-५०१ (रोहन): दगड मागे घेतो. पण चित्रण समाजमाध्यमांवर टाकायला काय हरकत आहे? २०१८ च्या जुलैमध्ये कॅनडातल्या ओटावा शहरात एका व्हॅनचालकाने पादचाऱ्यांवर मुद्दाम पाणी उडवल्याचे चित्रण पसरले आणि त्याच्या कंपनीने त्याला कामावरून काढले. लखनौच्या गोमतीनगरमध्ये ३१ जुलै २०२४ ला तुंबलेल्या रस्त्यावर टोळक्याने दुचाकीवरच्या लोकांवर पाणी उडवले, तेव्हाही चित्रण पसरल्यावरच अटका झाल्या आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांना हटवण्यात आले.

डी-२०१ (साठे काका): लखनौमध्ये पाणी उडवणारे पायी होते आणि तेथे एका महिलेशी गैरवर्तनही झाले होते, म्हणून तो प्रकार निराळा आणि अधिक गंभीर आहे. ओटावाचे उदाहरण आपल्या जवळचे आहे, पण तेथे गाडी कोणाची हे स्पष्ट दिसत होते. आपल्याकडे क्रमांक अर्धवट आहे. जमावाने दिलेली शिक्षा मोजूनमापून नसते आणि ती चुकीच्या घरावर गेली तर परत घेता येत नाही. चित्रण आधी पोलिसांकडे जाऊ दे. त्यासाठी सचिवांनी आजच एक काम करावे : डीव्हीआरमधले (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या यंत्रातले) जुने चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते, म्हणून काल सकाळचा भाग वेगळा उतरवून घ्यावा आणि तो कोणी, कोणत्या यंत्रातून, केव्हा उतरवला याची नोंद ठेवावी. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते. त्याचा मसुदा मी करून देतो, शुल्क म्हणून मराठे वहिनींच्या हातचा एक कप चहा पुरे.

सचिव (बी-१०४): चित्रण आत्ताच उतरवून घेतले आहे. वाहतूक शाखेला द्यायच्या पत्रात पुढील गोष्टी घालतो : कालच्या घटनेची चित्रणासह तक्रार, कलम १८४ खाली कारवाईची विनंती, आणि शाळा सुटण्या-भरण्याच्या वेळी थांब्याजवळ एका कर्मचाऱ्याची नेमणूक. चेंबरविषयीचे पत्र वेगळे, कारण एकाच पत्रात दोन खाती आली की दोन्ही खाती ते एकमेकांकडे पाठवतात. पत्र आज संध्याकाळपासून खालच्या कार्यालयात असेल. जोशी ताईंनी साक्षीदार म्हणून आणि ज्यांची मुले तेथे होती त्या पालकांनी सही करावी.

बी-६०२ (कुलकर्णी काका): मी सही करतो. चेंबरच्या पत्रावर पहिली सही माझी असू द्या.

बी-४०२ (गायकवाड): पत्रात ‘गाडी’ असे न लिहिता ‘सर्व वाहने’ असे लिहा, साहेब. गाडी म्हटले की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर मोटारच येते आणि डबक्यात मोटारसायकल घालून मागे वळून पाहणारी पोरे मोकळी सुटतात.

सचिव (बी-१०४): दुरुस्ती केली आहे.