मदत हवी आहे: तीन जुने स्कार्फ, कापड आणि डिझाइन कसं ओळखायचं?

नवी_पेठ
नमस्कार मंडळी. सोलापुरातून लिहितेय. तीन जुने स्कार्फ विकायला ठेवायचे आहेत, पण खात्री नसताना 'ओरिजिनल' असं ठोकून द्यायचं नाही. वजनं सोनाराच्या काट्यावर घेतली आहेत.

अ: ८८.५ × ८९ सेंमी, ६३ ग्रॅम. कापडावर बारीक तिरक्या रेघा. मधे घोड्याच्या सजवलेल्या लगामांची जोडी, बकलांसकट. छापातच रोमन अक्षरांत 'एर्मेस-पॅरिस'. टॅग नाही.

ब: ७८ × ७८ सेंमी, ५२ ग्रॅम. पांढऱ्यावर फुलंच फुलं, फुलपाखरं, चतुर. सही 'व्ही. अकॉर्नेरो'. काठाला पिको.

क: ५६ × ५६ सेंमी, १३ ग्रॅम, पातळ. मोठी पानं. 'वेरा' अशी सही आणि शेजारी छोटा किडा. टॅगवर आर एन आणि पुढे काही आकडे.

रेशीम आहे का? डिझाइन कुणाचं? धागा जाळून बघू का?

पिकग्लास
जाळायची घाई करू नका ओ. आधी हिशेब. वजनाला चौरस मीटरने भागा, आलेल्या आकड्याला ४.३४ ने भागा, की मोमी मिळतात. रेशमी कापडाचं वजन मोमीत सांगतात.

अ: ०.८८५ × ०.८९ म्हणजे ०.७८८ चौ. मी. ६३ ग्रॅमला त्याने भागलं की चौ. मीटरला ८० ग्रॅम, म्हणजे १८ मोमींच्या जरा वर. चांगल्या ट्विल (तिरक्या रेघांच्या विणीच्या) स्कार्फचं वजन इथेच बसतं. एर्मेस या फ्रेंच कंपनीचा नेहमीचा चौकोन ९० सेंमीचा आणि साधारण ६५ ग्रॅमचा असतो; सेंटीमीटरभर आत जाणं धुण्या-इस्त्रीने होतं.
क: साडेनऊ मोमी. इतकं पातळ म्हणजे हबोटाई, म्हणजे साध्या विणीचं पातळ रेशीम, किंवा हलकं क्रेप.
ब: चौ. मीटरला ८५ ग्रॅम, म्हणजे अ पेक्षा जड. पण त्यावर जाऊ नका, पॉलिस्टरचं ट्विल हव्या त्या वजनात निघतं. ट्विल, सॅटिन, क्रेप या विणी आहेत, कुठल्याही धाग्याच्या होतात. वजनाने रेशीम सिद्ध होत नाही, फक्त न जुळणारे तुकडे बाजूला पडतात.

आता अ चा काठ बघा, आणि आम्हाला फोटो टाका. एर्मेसचा काठ हाताने गुंडाळलेला असतो आणि ती गुंडाळी चित्राच्या, म्हणजे सुलट बाजूला येते. बाकी बहुतेकांची उलट बाजूला जाते. गुंडाळी गोल, फुगीर हवी. टाके कापडाच्या रंगाचे आणि अंतर किंचित कमीजास्त. मशीनची सरळ शिवण असेल तर विषय संपला. काठ चपटा झाला असेल तर तेवढ्यावरून नकली ठरवू नका, कुणीतरी त्यावर इस्त्री दाबलेली असते.

टॅग नाही याचा बाऊ नको. मानेला टोचतो म्हणून लोक कापतात. काठाजवळ सुईची ओळीने भोकं किंवा तुटका दोरा दिसतो का ते भिंगातून बघा. उलट, टॅग कुठेही शिवता येतो, म्हणून टॅगला मी सगळ्यात शेवटी विचारतो.

रंगखाना
काठानंतर छपाई. या दर्जाच्या स्कार्फमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन, म्हणजे छपाईची जाळीदार चौकट, असते, एका चित्राला डझनावारी. म्हणून दोन रंग भेटतात ती रेघ बघा. नकलेत तिथे पांढरी फट राहते, नाहीतर एक रंग दुसऱ्यावर चढून मळकट तिसरी रेघ तयार होते. लगामाचं बकल ही त्यासाठी उत्तम जागा, बारीक सोनेरी-काळ्या रेघा तिथेच फसतात.

मग उलटं करा. स्क्रीनने नीट छापलेल्या रेशमात रंग आरपार जातो, मागची बाजू जवळजवळ पुढच्याइतकी गडद असते. पॉलिस्टरवर कागदावरून उष्णतेने रंग उतरवला असेल तर मागे पांढुरकं राहतं. मात्र पातळ कापडावर डिजिटल छपाईही मागे उतरते, तेव्हा क ला ही कसोटी लावू नका.

अक्षरंही वाचा. एर्मेसच्या रोमन स्पेलिंगमधल्या दुसऱ्या 'ई'वरची तिरकी खूण डावीकडून उजवीकडे उतरती असते. चढती असेल किंवा नसेलच, तर माल संशयास्पद. नकला करणारे इथे हमखास घसरतात, कारण खरेदी करणारा चित्र बघतो, खूण नाही.

जुनं_कापड
वर्णनावरून अ म्हणजे 'ब्रीद द गाला' वाटतंय. एर्मेसने पहिला रेशमी चौकोन १९३७ मध्ये काढला. हे चित्र ह्यूगो ग्रिगकार यांचं, १९५७ चं. पण १९५७ ही चित्राची तारीख, तुमच्या तुकड्याची नव्हे. हे डिझाइन वेगवेगळ्या रंगांत पुन्हा पुन्हा छापलंय, आणि नकलाही याच्याच सगळ्यात जास्त. चित्रकाराची सही नसली तरी घाबरू नका, प्रत्येकावर असतेच असं नाही.

ब ची सही ओळखीची आहे. व्हिट्टोरिओ अकॉर्नेरो यांनी गुच्ची या इटालियन कंपनीसाठी १९६६ मध्ये 'फ्लोरा' काढलं, मोनॅकोच्या राजकन्या ग्रेस केली यांना भेट देण्यासाठी. खऱ्यात ३७ रंग आहेत. तुमच्याकडे पाकळ्यांमध्ये छटा किती आहेत? एका फुलात दोनच सपाट रंग असतील तर पुढे बघायची गरज नाही. पिकोमुळे मात्र लगेच बाद करू नका. उसवलेला काठ कापून आपल्याकडे कुणीही फॉल-पिकोवाल्याकडे देतं, मग माप घटतं. चारही बाजूंना फुलं सारखीच तुटली आहेत का ते बघा. एकाच बाजूने तुटली असतील तर नंतर कापलंय.

क सोपा आहे. वेरा न्यूमन, अमेरिकन. तो किडा म्हणजे लेडीबग, त्यांची खूण. या नावाखाली रेशीम, सुती, ॲसिटेट, पॉलिस्टर सगळं निघालं, म्हणून सहीवरून रेशीम धरू नका. आर एन हा अमेरिकेतला कंपनी नोंदणीचा क्रमांक, तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनच्या संकेतस्थळावर शोधता येतो. त्यातून कंपनी कळते, डिझाइन नाही.

नवी_पेठ
बघितलं. अ: गुंडाळी चित्राच्या बाजूला, गोल. मागची बाजू गडद. खूण उतरती. एका काठाशी चार-पाच भोकं.
ब: मागे जवळजवळ पांढरं. फुलं चारही बाजूंना सारखी. एका फुलात दोन-तीनच रंग.
क: टॅगवर धाग्याचं नाव पुसलंय.
घासल्यावर तिन्ही केसांना चिकटतात, म्हणजे तिन्ही पॉलिस्टर का?

पिकग्लास
ती कसोटी सोलापूरच्या उन्हाळ्यात विसरा. कोरड्या हवेत रेशीमही चिकटतं. अंगठीतून ओढून बघण्यातही अर्थ नाही, पातळ पॉलिस्टर सुळकन निघतं.

धाग्याची खरी परीक्षा अशी. काठाच्या गुंडाळीचं टोक जिथे उकलतं तिथून सुईने कापडाच्या धाग्याची अर्धा-पाऊण सेंमीची तूस, म्हणजे छोटा तुकडा, काढा. शिवणीचा दोरा घेऊ नका, तो वेगळा असू शकतो. उभा आणि आडवा, दोन्ही धागे स्वतंत्र तपासा. इरकलमध्ये अंगाचा ताणा सुती आणि पदराचा रेशमी असतो हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. स्कार्फमध्येही ताणा एक, बाणा दुसरा अशी मिसळ सापडते.

ती तूस काचेच्या वाटीत चमचाभर ब्लीचमध्ये टाका. ब्लीच सोडियम हायपोक्लोराइटचं आणि ताजं हवं. जुन्याचा जोर गेलेला असतो, ऑक्सिजनवाल्या पावडरीने काही होत नाही. रेशीम हळूहळू विरघळतं, अर्धा तास वाट बघा. पॉलिस्टर, सुती, व्हिस्कोज (लाकडाच्या लगद्याचा धागा) तसंच राहतं. लोकर विरघळते, पण ती हाताला कळते. खिडकी उघडी ठेवा आणि त्या वाटीत संडास धुवायचं ॲसिड चुकूनही पडू देऊ नका, विषारी वायू सुटतो.

उरलेल्या तुसेची ज्योत बघायची असेल तर चिमट्यात धरून. रेशमाला जळक्या केसांचा वास, आच काढली की विझतं, काळी राख बोटांत चुरते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. व्हिस्कोज कागदासारखं भुरकन जळतं. 'आर्ट सिल्क' म्हणजे कृत्रिम रेशीम असं लिहिलेला माल बहुधा या शेवटच्या दोनांपैकीच.

नवी_पेठ
अ आणि क, दोन्ही बाजूंचे धागे विरघळले. ब तसाच, ज्योतीत मणी झाला. आता लिहायचं काय?

जुनं_कापड
ब: 'फ्लोरा पद्धतीची छपाई, पॉलिस्टर'. विक्रेता म्हणून तुम्ही गुच्चीचं नाव घालू नका.
क: 'वेरा सहीचा रेशमी स्कार्फ, ५६ सेंमी', सोबत आर एन क्रमांक.
अ: 'रेशीम ट्विल, हाताने गुंडाळलेला काठ, टॅग नाही'. सगळ्या खुणा जुळतात, तरी किंमत मोठी लावणार असाल तर आधी पैसे देऊन लेखी तपासणी करून घ्या. कंपनीच्या दुकानात सहसा जुन्या मालाची खात्री लिहून देत नाहीत. आपल्याकडच्या सिल्क मार्कचाही इथे उपयोग नाही, त्यातून शुद्ध रेशीम इतकंच कळतं, ब्रँड नाही.

फोटो पाच: पूर्ण चौकोन सपाट, मागची बाजू, काठाचा कोपरा जवळून, अक्षरं जवळून, आणि टॅगची भोकं. भोकं लपवलीत तर घेणारा तेच आधी विचारेल.

रंगखाना
आणि विकायच्या आधी 'जरा धुऊन घेऊ' म्हणून अ ला बोअरच्या पाण्यात बुडवू नका. गडद किनार पांढऱ्यात उतरली की परत निघत नाही. ओल्या पांढऱ्या कापसाने मागच्या कोपऱ्यात दहा सेकंद दाबून बघा. रंग लागला तर फक्त ड्रायक्लीन. इस्त्री उलट बाजूने, मध्यम आचेवर, मधे सुती कापड, आणि काठापासून बोटभर अलीकडे थांबा.