शब्दचर्चा : पाणीयोजनेतले ‘सेफगार्ड’

टिपणवही
पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण अशा जोडप्रकल्पाच्या कागदांचं मराठी करते आहे. मूळ अहवाल जाडजूड आहे. माझ्याकडे त्याचा फक्त सारांश आलाय, पण तोच रस्त्याकडेच्या लोकांना वाचून दाखवला जाणार आहे. मी शीर्षकातच अडकले : ‘एन्व्हायर्नमेंटल अँड सोशल सेफगार्ड्स’. आधी कुणीतरी ‘पर्यावरणीय व सामाजिक सुरक्षा उपाय’ असं केलंय. ते ऐकून एका बैठकीत पहिलाच प्रश्न आला, की ठेकेदार हेल्मेट-बूट देणार का. दुसरा प्रश्न पेन्शनचा, कारण ‘सामाजिक सुरक्षा’ म्हटलं की लोकांना विमा आणि पेन्शनच आठवते. त्यांचं काहीच चुकलं नाही. शब्द सुचवा.

चष्मिष्ट
‘संरक्षक तरतुदी’ म्हणा आणि मोकळ्या व्हा.

कोरडवाहू
इतक्या लवकर मोकळं होता येणार नाही. अशा कामांवर मी बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून आधी वस्तू काय आहे ते सांगतो, शब्द मग बघू.

समजा, मुख्य रस्त्यात जलवाहिनीसाठी चर खणायचा आहे. त्यात दुकानापुढची पायरी जाणार, पदपथावरच्या विक्रेत्याला काही आठवडे बसता येणार नाही, उन्हाळ्यात धूळ आणि पावसात चिखल होणार. राडारोडा कुठेतरी टाकावा लागणार, आणि तो ओढ्यात टाकणं ठेकेदाराला सगळ्यात स्वस्त पडतं. जुन्या ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या वाहिन्या निघाल्या तर त्या कोरड्या कापायच्या नाहीत, नाहीतर तंतू हवेत उडतात. मैलापाण्याच्या मॅनहोलमध्ये हायड्रोजन सल्फाइड असतो. त्याचा वास सुरुवातीला येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं, आणि आत उतरलेल्याला वाटतं की वायू गेला. ‘यातलं काय घडू शकतं, कुणाला भोगावं लागेल, ते टाळायला कोण काय करेल आणि टाळता आलं नाही तर भरपाई कशी’ हे सगळं आधी लिहून, मान्य करून, लोकांना सांगून मगच कुदळ मारायची. या सगळ्या बांधिलकीला ‘सेफगार्ड’ म्हणतात. हेल्मेट त्यात येतं, पण एका कोपऱ्यात.

एक गंमत. अशा प्रकल्पांना कर्ज देणाऱ्या जागतिक बँकेने 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात आपली दहा धोरणं ‘सेफगार्ड पॉलिसीज’ या नावाखाली एकत्र बांधली. 2016 मध्ये नवी चौकट मंजूर झाली, ती 1 ऑक्टोबर 2018 पासून लागू आहे. तिच्या नावात ‘सेफगार्ड’ हा शब्दच नाही. ‘पर्यावरणीय व सामाजिक चौकट’ आणि तिच्यात दहा मानकं, असा तो मामला आहे. तरी कामावर सगळे अजून ‘सेफगार्डवाले आले’ असंच म्हणतात.

मोडीवाचक
इंग्रजी शब्दाचं मूळ जुन्या फ्रेंच ‘सोवगार्द’मध्ये आहे. पुढे त्याचा एक अर्थ झाला तो परवान्याचा : सैन्य ज्या मुलखातून जाणार तिथल्या माणसाला मिळालेला कागद, की याला हात लावू नये. मराठी दफ्तरांत अगदी असाच कागद आहे, अभयपत्र. आणि कौल. रयतेला दिलेलं लेखी वचन, की अमुक अटींवर निर्धास्त राहा, उपद्रव होणार नाही. ज्याच्याकडून उपद्रव व्हायची भीती, त्याच्याकडूनच लिहून घ्यायचं. कोरडवाहूंनी सांगितलेली वस्तू हीच की!

चष्मिष्ट
म्हणजे शीर्षक ‘पर्यावरणीय व सामाजिक कौल’? लोक मतमोजणीला आल्यासारखे येतील. काही जण छपराची कौलं मोजून द्या म्हणतील.

मोडीवाचक
शब्द वापरा म्हणत नाही हो. अर्थाची दिशा दाखवतोय. ‘सुरक्षा’ म्हटलं की धोका बाहेरून येतो आणि प्रकल्प राखणदार होतो. इथे धोका प्रकल्पाचाच आहे. शब्दात ते दिसायला हवं.

टिपणवही
हे पटलं. मग ‘प्रकल्पामुळे होणारं नुकसान टाळण्याची हमी’ असं काहीसं? लांब आहे, पण वाचून दाखवायचंच आहे, तर लांबी चालेल.

दुसरा गठ्ठा. जुन्या भाषांतरात ‘स्टेकहोल्डर’ला ‘भागधारक’ केलंय. माझं रक्त उसळलं, पण बदली शब्द सापडत नाही.

चष्मिष्ट
‘भागधारक’ म्हणजे शेअरहोल्डर. ज्याच्या दारात चर खणणार त्याला भागधारक म्हटलं तर तो लाभांश कधी मिळणार ते विचारेल, आणि विचारायलाच हवं. ‘हितधारक’ हिंदीतून आलाय. कागदावर रुळतोय, कानाला नाही. ‘हितसंबंधी’ तर नकोच. मराठीत ‘त्याचे हितसंबंध गुंतलेत’ हे आपण माणसाचं कौतुक करताना म्हणत नाही. ‘संबंधित’ पुरे. किंवा नावं घ्या : रहिवासी, दुकानदार, भाडेकरू, विक्रेते, सफाई कामगार.

कोरडवाहू
नावं घ्या, याला माझं दुप्पट अनुमोदन. यादीत ‘भाडेकरू’ लिहिलेला नसला की सर्वेक्षणवाला फक्त मालकाला विचारून परततो.

टिपणवही
‘अनैच्छिक पुनर्वसन’?

चष्मिष्ट
मला शाळेतले अनैच्छिक स्नायू आठवले. हृदय आणि आतडी.

कोरडवाहू
हसा, पण या दोन शब्दांनी मी एक चांगली चाललेली बैठक मोडताना पाहिली आहे. कागदावर ‘पुनर्वसन आराखडा’ वाचलं आणि लोकांनी धरलं, की आपली घरं जाणार. खरं तर त्या रस्त्यावर एकही घर हलणार नव्हतं. काही टपऱ्यांची काही दिवसांची कमाई बुडणार होती, एवढंच. धोरणाच्या भाषेत त्यालाही विस्थापनच म्हणतात, ‘आर्थिक विस्थापन’. मराठी माणसाच्या कानाला विस्थापन म्हणजे डोक्यावर बोचकं आणि मागे बुडालेलं गाव. धरणांनी तो शब्द तसा घडवला आहे, त्याला इलाज नाही.

‘अनैच्छिक’चा अर्थही इच्छा नसणं एवढाच नाही. ज्याला ‘नाही’ म्हणायचा हक्कच उरत नाही, कारण नाही म्हटलं तरी जागा कायद्याने घेता येते, त्याचं पुनर्वसन अनैच्छिक. एखादा स्वखुशीने, बाजारभावाने जागा विकत असेल आणि नकार द्यायला मोकळा असेल, तर तो यात येत नाही. म्हणून मी सारांशात ‘सक्तीचं’ लिहितो. वरिष्ठांना तो शब्द झोंबतो. झोंबू दे.

आणि आता खरा घोळ, ‘अतिक्रमण’. मूळ मजकुरात असतं ‘कायदेशीर हक्क नसलेली व्यक्ती’. भाषांतरात तिचं ‘अतिक्रमणधारक’ होतं, आणि एकदा तो शिक्का बसला की कारकून तिचं नाव यादीतून काढतो, कारण त्याच्या मते अतिक्रमण हटवायचं असतं, त्याची भरपाई द्यायची नसते. जागतिक बँकेचं मानक तसं म्हणत नाही. जमिनीवर हक्क नसेल तर जमिनीचे पैसे नाहीत, पण त्यावर उभारलेल्या शेडचे, ओट्याचे पैसे आणि सावरायला मदत मिळायला हवी. अट एवढीच, की माणूस ठरलेल्या तारखेच्या आधीपासून तिथे असावा. ही तारीख बहुधा सर्वेक्षणाची असते, आणि ती आधी जाहीर करावी लागते. तेव्हा ‘सर्वेक्षणाच्या दिवशी ज्यांचा तिथे व्यवसाय किंवा वास्तव्य होतं ते सर्व’ असं सरळ लिहा, आणि ‘अतिक्रमण’ शब्द शोधून शोधून काढा.

भरपाईचंही तेच. मूळ कल्पना अशी, की तशीच नवी वस्तू आज उभी करायला जो खर्च येईल तो द्यायचा. घसारा वजा करायचा नाही. नुसतं ‘भरपाई’ लिहिलं की अभियंता पत्र्याचं वय विचारून निम्मी रक्कम करतो.

आडवाट
मध्येच एक. ‘सांडपाणी’ आणि ‘मैलापाणी’ एकच धरू नका. भांडी-आंघोळीचं ते सांडपाणी, संडासातलं ते मैलापाणी. शोषखड्ड्यात पहिलं सोडणं एक आणि दुसरं सोडणं भलतंच, जवळ विहीर असेल तर फारच. सरकारी ‘मलजल’ घरात कुणी बोलत नाही. आणि ‘सॅनिटेशन’ला ‘स्वच्छता’ म्हटलं की माणसं झाडू आठवतात, टाकी उपसणं आठवत नाहीत.

टिपणवही
धन्यवाद, हे माझ्याकडून निसटलं होतं. ‘मिटिगेशन’ला ‘शमन’ ठेवू का? ‘सौम्यीकरण’ म्हणताना जीभ अडखळते.

चष्मिष्ट
अग्निशमन दल आग विझवतं, सौम्य करत नाही. ‘शमन’ लिहिलंत तर आवाज, धूळ सगळं पूर्ण बंद होईल असं वचन जातं. ‘निवारण’चंही तेच, ते तर मुळापासून दूर करणं. क्रियापदं वापरा : आधी टाळणे, टाळता येत नसेल तर कमी करणे, उरलं त्याची भरपाई. हा क्रमच मुळात त्या कल्पनेचा गाभा आहे, आणि एका नामात कोंबला की हरवतो.

जाता जाता, जोखमीच्या पायऱ्यांत ‘सबस्टॅन्शिअल’ला ‘लक्षणीय’ करू नका. लक्षणीय यश असतं. धोका ‘मोठा’ असतो.

मोडीवाचक
तक्रार निवारण यंत्रणेबद्दल कुणी बोललंच नाही. आपल्याकडे ‘दाद’ आहे. दाद मागता येते, दाद लागते, आणि दाद न देणारी माणसंही असतात. तिन्ही बाजू एका शब्दात. ‘दाद कुठे मागायची’ असा मथळा करा, खाली जागा, वेळ आणि किती दिवसांत उत्तर ते लिहा.

टिपणवही
मथळा घेतला! शीर्षकही ठरलं : ‘कामामुळे लोकांचं आणि परिसराचं नुकसान होऊ नये म्हणून दिलेली हमी’. तक्त्याच्या डोक्यावर मात्र ‘सेफगार्ड’ देवनागरीत राहील, नमुना बदलता येत नाही.

चष्मिष्ट
आत ‘करण्यात येईल’ किती आहेत?

टिपणवही
मोजले. एकतीस.

चष्मिष्ट
ते काढा. ‘भरपाई देण्यात येईल’ हे वाक्य व्याकरणात निर्दोष आणि बाकी सगळ्यात दोषी. कोण देईल, कधी देईल?

टिपणवही
चार दिवसांनी लिहिते आहे. एकतीसपैकी सव्वीस सुटले. ‘धूळ उडू नये म्हणून ठेकेदार दिवसातून दोनदा पाणी मारेल’, असे. उरलेली पाच मी कर्ता कोण ते विचारून प्रकल्प कार्यालयाकडे पाठवली. सगळी भरपाईची आहेत. उत्तर आलं, की ठेकेदार की कार्यालय हे अजून ठरलेलं नाही, तोवर ‘देण्यात येईल’च ठेवा.

कोरडवाहू
चर खणायला सुरुवात झाली का?

टिपणवही
सोमवारपासून.