तीरकमठा शिकून रानावर जगता येतं का? नागपूरकरांनो, बोला

उमरेडरोड (धागाकर्ता)

दिवाळीपासून तीरकमठा, म्हणजे बांबूचं धनुष्य आणि तीर, करायला शिकतोय. शिकवणारे बुरुडकाका नागपुरातच सुपं-टोपल्या विणतात. आजोबांनी शिकवलेला कमठा त्यांच्या हातात अजून आहे. माझे पहिले तीन मोडले. चौथा चालतो. माझ्या उंचीएवढा आहे, पूर्ण ओढायला अंदाजे २५ पौंडांचा जोर लागतो. पंधरा पावलांवरून तणसाच्या पेंढीत पाचातले तीन तीर बसतात.

आपल्या शहरात धनुर्विद्या म्हटली की फक्त खेळ. ओजस देवतळे नागपूरचा पोरगा, २०२३ मध्ये बर्लिनला कंपाऊंडचा (चाकं बसवलेल्या यांत्रिक धनुष्याचा) जगज्जेता झाला, फायनलला १५० पैकी १५०. त्याचा अभिमान आहेच. पण ते धनुष्य खोक्यातून येतं, त्याचा एक भाग तुटला की आपण अडलो. कमठ्याचं तसं नाही. बांबू, अंबाडीचा वाख, पळसावरची लाख, कोंबड्याची पिसं, सगळं एका दिवसाच्या चालीत मिळतं.

उमरेडकडे माझी दोन एकर जमीन आहे. वर्षातले चार महिने तिथं जमिनीनं दिलं तेवढ्यावर राहायचं ठरवलंय. सोबत सात-आठ जण मिळाले तर कमठा, दोर वळणं, चकमकीनं आग पेटवणं, सगळं एकत्र शिकू. आणि स्पष्टच लिहितो, रानडुकरं उभं पीक लोळवतात. ज्याला स्वतःचं पोट भरायचंय त्याच्या हातात कमठा असला तर त्यात चूक काय?

पायवाट

शेवटच्या वाक्यात चूक आहे, आणि ती मोठी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नाही. मारण्याचा प्रयत्न, फासे लावणं, हाकारा करून पिटाळणं, जखमी करणं, सगळं शिकारच. डुकरानं पीक खाल्लं तरी कलम ११ खाली अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो. ससाही त्यातच आला.

आणि हे फार जणांना ठाऊक नसतं. २००६ च्या वनहक्क कायद्यानं जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना गौण वनोपजाचा (लाकूड सोडून मोह, तेंदू अशा वस्तूंचा) हक्क दिला, पण शिकारीचा पारंपरिक हक्क त्यातून स्पष्ट शब्दांत वगळला. ज्यांची ही विद्या आहे त्यांनाच जे करता येत नाही, ते तुम्ही सात-आठ शहरी माणसांना शिकवणार? उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य तुमच्या शेतापासून किती दूर आहे ते आधी बघा. 'रानावर जगण्यासाठी कमठा' हे वाक्यच खोटं आहे. खेळ म्हणा, हस्तकला म्हणा, माझी काही हरकत नाही.

सत्तर मीटर

मी रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं खेळाचं धनुष्य) शिकवतो. माझा विरोध वेगळा आहे. घरी केलेला कमठा प्रत्येक वेळी तसाच ओढला जात नाही, त्यामुळे हाताला वळण लागत नाही. खांदा आखडून, दोरी छातीशी आणून सोडायची सवय लागली की ती मोडायला वर्ष जातं. नवख्यानं वीस पौंडांच्या साध्या लाकडी धनुष्यावर सहा महिने काढावेत, मग बांबू तासावा. तीर न लावता रिकामी दोरी तर कधीच सोडू नका. सगळी ताकद कमठ्यातच राहते आणि तो तोंडासमोर फुटतो.

मानवेल

सत्तर मीटरभाऊ, तुमचं शेवटचं वाक्य सोन्यासारखं. पहिलं मात्र पटत नाही. कमठा तासल्यावरच कळतं की तो कुठं वाकतो आणि कुठं अडतो, आणि तेव्हाच हातही शिकतो.

उमरेडरोड, तुमचे तीन का मोडले ते सांगू का? बहुधा कटांग बांबू घेतला असेल, तो आतून पोकळ. आपल्याकडचा मानवेल बुडाशी जवळजवळ भरीव असतो, तो घ्या. पावसाळ्यानंतर थंडीत तोडलेला, निदान तीन वर्षांचा. कोवळ्यात साखर-पिष्ट जास्त, त्याला भुंगा लागतो. उभा चिरून कांब (पट्टी) सावलीत वाळवायची. सालीच्या अंगाला पातं लावायचं नाही, ताण सोसणारे दाट तंतू तिथंच असतात. तासायचं ते पोटाकडून, आणि दर दहा-बारा हातांनंतर दोरी लावून दोन्ही बाह्या सारख्या वाकतात का ते पाहायचं. ताठ दिसेल तिथं तासा, जास्त वाकेल तिथं हात लावू नका. दोरी चढवल्यावर मूठ आणि उभा अंगठा एवढं अंतर राहिलं की पुरे.

आपल्या हवेचंही बघा. मे महिन्यात ४५ अंशांच्या कोरड्या उन्हात कमठा गच्चीवर ठेवला तर तो कडक होऊन तडकणार. आषाढात तोच ओल धरून मऊ पडतो. म्हणून उन्हाळ्यात त्याला माठाजवळच्या सावलीत ठेवतो आणि दोरी उतरवूनच ठेवतो.

दोरीचं म्हणाल तर संस्कृतात प्रत्यंचेला मौर्वी म्हणतात, ते मूर्वा या वनस्पतीच्या तंतूवरून. आणि भिल्लांच्या कमठ्याला तर दोरी म्हणून बांबूचीच पातळ कांब ताणलेली असते. ती पावसात सैल होत नाही. हे ज्याला सुचलं त्यानं किती पावसाळे रानात काढले असतील! धामणीचं लाकूड त्याहून सरस, कुऱ्हाडीचे दांडे त्याचेच करतात, पण जंगलातली धामण परवानगीशिवाय तोडायची नाही. बांबूचं पद्धतशीर शिकायचं असेल तर चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे.

कुरखेडा ते खामला

मी गोंड आहे. कुरखेड्याकडची, नोकरीसाठी नागपुरात. वर कायदा वाचला, हत्यारं वाचली. खाल्लं काय जातं ते कोणीच लिहिलं नाही.

आमच्या घरी आजाचा कमठा आढ्याला टांगलेला असायचा. तो वर्षातून मोजक्या दिवशी खाली यायचा. रोज खाली यायची ती आजीची टोपली. चैतात मोहफूल आणि चारोळीची फळं, मग टेंभरं (तेंदूची फळं), पाऊस पडला की तरोट्याची भाजी, कुड्याची फुलं, बांबूचे वास्ते (कोंब), नंतर तळ्यातले बारके मासे. घर त्या टोपलीवर चाललं, कमठ्यावर नाही. तुम्ही चार महिने रानावर राहायचं म्हणता आणि यादीत पहिलं नाव कमठ्याचं. टोपली यादीत नाहीच. हे मला लागलं.

दुसरं. आमचा पोरगा कमठा घेऊन रस्त्यानं चालला तर त्याला थांबवून विचारपूस होते. माझ्या भावाचं तसं झालंय. तुमच्याकडे तोच कमठा छंद ठरतो. शिकू नका असं म्हणत नाही. पण ज्यांच्याकडून घेता त्यांच्या गावात जाऊन, त्यांना मोबदला देऊन शिका.

उमरेडरोड

पायवाट, डुकराचं वाक्य मागे घेतो. कायदा माहीत होता, पण अर्धवट. शेताला कुंपण करीन.

ताई, तुमचं वाचून दोन दिवस काही लिहिता आलं नाही. टोपली सुचली नाही हे खरं आहे. बुरुडकाकांना दर रविवारचे पैसे देतो, तेवढं तरी नीट केलंय.

पण कमठा हस्तकला म्हणून भिंतीवर टांगा, हे मला अजून मान्य नाही. तीन कमठे मोडल्यामुळे मी बांबूचं बन पहिल्यांदा नीट पाहिलं. कोणता दांडा कोवळा, कोणता जून, कोणत्या पेरावर कीड. शिकार न करताही ही ओळख रानावर जगण्यातच मोडते. आणि मासे? मासा तर तीरानं मारता येतो ना?

तळ्याकाठी

येतो. पाण्यात दिसतो त्याहून तो खाली असतो, म्हणून नेम खाली धरायचा आणि तिराला दोर बांधायचा. पण तळं कोणाचं ते आधी विचारा. आमच्या भंडाऱ्याकडच्या माजी मालगुजारी तलावांत (जुन्या मालगुजारांच्या काळच्या) ढिवरांच्या, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजाच्या, सहकारी संस्था मासेमारी करतात, ठेक्याचे पैसे भरून, मत्स्यबीज सोडून. त्यांनी वाढवलेला रोहू तुम्ही तीरानं उचलणार असाल तर माझाही विरोध समजा.

पायवाट

बन ओळखण्यासाठी कमठा, हे मला चालेल. मग धाग्याचं शीर्षक बदला. 'रानावर जगता येतं का' वाचून उद्या कोणी पोरगा पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या बाजूला तीर घेऊन गेला तर त्याच्यावर गुन्हा दाखल होईल.

उमरेडरोड

शीर्षक राहू द्या, पण तुमचा प्रतिसाद वाचल्याशिवाय कोणाला सोबत घेणार नाही. ताई, टोपली कोण शिकवेल?

कुरखेडा ते खामला

माझी आई. मार्चअखेर मोह पडायला लागतो. पहाटे चारला उठून वेचायची तयारी असेल तर गावी या, बायकोलाही आणा. कमठा घरी ठेवा.