हशानंतरची गोळी लागत का नाही? स्पॅगेटी वेस्टर्नच्या धाटणीची एकांकिका

कोपरीकर (प्रश्न):
ठाण्यातील आमची हौशी मंडळी सध्या माझ्या एका एकांकिकेच्या तालमी करत आहेत. धाटणी स्पॅगेटी वेस्टर्नची, म्हणजे इटालियन दिग्दर्शकांच्या काउबॉयपटांची आहे: ओसाड गाव, दोन टोळ्या आणि नाव न सांगणारा पाहुणा. गावातील सुतार येणाऱ्या प्रत्येकाचे शवपेटीसाठी माप मनातल्या मनात घेतो, त्यावर हमखास हशा येतो; मात्र पुढे त्याच सुताराचा खून होतो तेव्हा तो कोणालाच लागत नाही. परवा तर तालीम पाहायला आलेले एक गृहस्थ तो पडल्यावरही हसत होते. या धाटणीचे दिग्दर्शक सर्जिओ लिओने यांच्या चित्रपटांत विनोद आणि हिंसा सुखाने नांदतात. मी यांपैकी काय कमी करावे?

वाशीकर:
काहीच कमी करू नका, क्रम बदला. लिओने यांच्या ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’मध्ये (१९६४) नायक शवपेट्या बनवणाऱ्याला तीन पेट्या तयार ठेवायला सांगतो, प्रत्यक्षात चौघांना मारतो आणि परतताना, चूक झाली, चार लागतील, असे शांतपणे सांगून जातो. आपण हसतो ते मेलेल्यांना नव्हे, तर हिशेबातील चुकीच्या त्या निर्विकार कबुलीला. ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’मध्येही (१९६६) फेसाने भरलेल्या टबातील टुको हा डाकू, सूडाचे भाषण लांबवणाऱ्या शत्रूला आधी गोळ्या घालतो आणि मगच, गोळी घालायची तर घालावी, बोलत बसू नये, असे त्याला सुनावतो. गोळी आधी, गंमत नंतर.

नेरुळची प्रेक्षक:
हा नियम मला पुरता पटत नाही. त्याच चित्रपटात, अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धात, टुको समोरून येणारे घोडदळ दक्षिणेचे समजून जयजयकार करतो, अधिकारी गणवेशावरील धूळ झटकतो आणि करड्या रंगाखालून उत्तरेचा निळा रंग निघतो. या फजितीवर आपण मनसोक्त हसतो, आणि ती फजितीच त्याला कैद्यांच्या छावणीत नेते, जिथे त्याला मारहाण होत असताना बाहेर कैद्यांच्या वाद्यवृंदाला वाजवत ठेवले जाते. तेथे विनोद आधीच आहे. तरीही मार आपल्याला लागतो, कारण ज्याला हसलो तोच आता सोसतो आहे आणि त्या प्रसंगात दिग्दर्शक एकही गंमत करत नाही. (‘शोले’तील गब्बर आपल्या तीन माणसांना हसवून मग मारतो, तेही आठवून पाहा.) याउलट एन्झो बार्बोनी यांच्या १९७०च्या ‘ट्रिनिटी’पटाचा भर गोळ्यांपेक्षा ठोशांवर असल्याने तो मोकळेपणाने हसवतो, पण भीतीचा धाक त्यात फारसा उरत नाही. तुमचा सुतार पडतो तेव्हा रंगमंचावर नेमके काय चाललेले असते?

कोपरीकर:
बाजाच्या पेटीवर त्याच्या प्रवेशाचीच गमतीची धून चालू असते आणि पडताना त्याच्या हातातील मोजपट्टी गरगरत उलगडते! ती कल्पना माझीच, आणि मला ती फार आवडली होती. आता धून गोळीबरोबर तोडतो. मोजपट्टी मात्र ठेवावीशी वाटते: नायक ती उचलून सुताराचे माप घेऊ पाहतो आणि पट्टी उलटी धरतो. त्यावर कोणी हसले तर?

वाशीकर:
हसू द्या. फक्त नटाला त्या हशासाठी थांबू देऊ नका.