पेसमेकरची बॅटरी बदलताना: तुमचे अनुभव सांगा

सदाशिव पेठ, मुलगी

आईला २०१४ मध्ये पेसमेकर बसवला. मागच्या आठवड्यात चेकिंगला नेलं तेव्हा कळलं की बॅटरी बदलायची वेळ आली आहे. आई ७९ वर्षांची. पहिल्या वेळी सगळी धावपळ बाबांनी केली होती, आता ते नाहीत. डॉक्टरांनी नीट समजावलं, पण दहा मिनिटांत डोक्यात किती राहतं! ज्यांनी स्वतःची किंवा घरच्यांची बॅटरी बदलून घेतली आहे, त्यांनी दाखल होण्यापासून टाके सुकेपर्यंतचं सांगाल का? आईला हे सगळं मोठ्याने वाचून दाखवणार आहे.

कोथरूड, वय ७३

ताई, आईंना नमस्कार सांगा. माझी बॅटरी दोनदा बदलून झाली आहे. ‘वेळ आली’ म्हणजे आज-उद्या बंद पडणार असं नाही. ती खूण दिसल्यावरही साधारण तीन महिने पुरेल एवढी तरतूद असते. तारीख शांतपणे घ्या, फक्त चालढकल नको. माझ्या मशीनने ती खूण लागल्याबरोबर बॅटरी वाचवायला साधा मोड धरला आणि पर्वतीच्या निम्म्या पायऱ्यांतच मला धाप लागायला लागली. मी वयाला बोल लावत होतो. बदलल्यावर पुन्हा वरपर्यंत जातो.

म्हणायला बॅटरी, पण बदलतात ते अख्खं मशीनच. बॅटरी आत सीलबंद असते. सकाळपासून उपाशी ठेवलं, सलाईनमधून अँटिबायोटिक दिलं. कॅथलॅब, म्हणजे हे सगळं करतात ती खोली, फार गार असते, पांघरूण मागून घ्या. पूर्ण भूल नाही, जुन्या व्रणाजवळच बधिर करतात. ते इंजेक्शन झोंबतं, खोटं कशाला सांगू. नंतर दुखत नाही, पण ओढाताण कळते, खिशात घट्ट बसलेलं पाकीट कुणी काढत असल्यासारखी. इतक्या वर्षांत मशीनभोवती शरीराने आवरण धरलेलं असतं, ते सोडवावं लागतं. मग मशीनपासून हृदयापर्यंत गेलेल्या जुन्या वायर तपासतात आणि चांगल्या असल्या तर त्याच नव्या मशीनला जोडतात. त्या वेळी डॉक्टर म्हणाले, “काका, आता जरा गरगरेल हं.” दोन-तीन सेकंद डोकं हलकं झालं, तेवढंच. तासाभरात खोलीत आलो, दुसऱ्या दिवशी घरी.

हडपसर, सून

वायर चांगल्या असल्या तर, हे महत्त्वाचं आहे. आमच्या सासूबाईंची एक वायर खराब निघाली, नवी घालावी लागली. दोन तास लागले आणि आम्ही बाहेर हवालदिल. नव्या वायरला आत घट्ट बसायला वेळ लागतो, म्हणून डावा हात दीड महिना खांद्याच्या वर न्यायचा नव्हता. फळीवरचा डबा काढायचा नाही, वेणी घालायची नाही. वेणी मीच घालून द्यायचे. पण हात गळ्यात बांधूनही ठेवायचा नसतो, खांदा आखडतो. वायर जुन्याच राहिल्या तर एवढी बंधनं नसतात. वायरचा रिपोर्ट काय आहे, हे ताई तुम्ही आधीच विचारा.

सिंहगड रस्ता, मुलगा

वडील रक्त पातळ करायची गोळी घेतात. ती बंद करायची का, याचं उत्तर एकाने एक दिलं, दुसऱ्याने दुसरं. कागदावर कुणीच लिहून दिलं नाही. चौथ्या दिवशी जखमेखाली लिंबाएवढी गाठ आली, रक्त साकळलं होतं. जवळच्या दवाखान्यात सुईने काढून टाकू म्हणाले. सुदैवाने मी आधी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना फोन केला. “अजिबात सुई घालू देऊ नका,” ते म्हणाले, सुईबरोबर जंतू थेट मशीनपर्यंत जातात. गाठ तीन आठवड्यांत आपोआप जिरली. बदलताना जंतुसंसर्गाचा धोका पहिल्या वेळेपेक्षा जास्त असतो, हे मला तेव्हा कळलं. गोळ्यांचं लेखी घ्या. आणि जखम लाल झाली, गरम लागली, पाणी आलं किंवा ताप आला तर थेट त्याच डॉक्टरांकडे जा.

नारायण पेठ, निवृत्त परिचारिका

नवं कार्ड मागून घ्या आणि पर्समध्ये ठेवा, जुन्यावर जुन्या मशीनचा नंबर असतो. मोबाइल छातीपासून वीतभर लांब आणि उजव्या कानाला. इंडक्शन शेगडीपासून दोन फूट. गणपतीत ढोलाच्या आवाजाने मशीनला काही होत नाही, पण स्पीकरच्या भिंतींना खेटून उभं राहू नका, त्यात मोठी लोहचुंबकं असतात.

आणि आईंना हे वाचून दाखवाच: शरीरात पेसमेकर बसवलेले जगातले पहिले रुग्ण म्हणजे स्वीडनचे आर्ने लार्सन. १९५८ मधलं ते पहिलं मशीन काही तासच चाललं. पुढे त्यांची वीसहून जास्त मशीन बदलली आणि ते २००१ मध्ये ८६व्या वर्षी गेले.

सदाशिव पेठ, मुलगी

काल झालं! वायर जुन्याच ठेवल्या, पन्नास मिनिटं लागली. गोळ्यांचं लेखी घेतलं होतं. गरगरायच्या वेळी आईने म्हणे डॉक्टरांनाच सांगितलं, “दोन-तीन सेकंदच ना, माहितीये मला.” आज घरी आलो, मऊ भात खाल्ला. तिला डाव्या कुशीवर झोपायची सवय आहे, त्यावरून सारखी विचारते आहे. कोथरूडचे काका, तुम्ही कितव्या दिवसापासून झोपलात?