चिरेबंदी घरात नग्न स्त्रीदेहाची छायाचित्रं: उजेड, करार आणि कायदा

सुरंगी:
दापोलीजवळ चार बायकांची नग्न छायाचित्रं करायची आहेत. सगळ्या चाळिशीपुढच्या, कुणाच्या पोटावर सिझेरियनचा व्रण, एकीचा एक स्तन काढलेला. ‘देह माझा, तो कसा दिसावा ते मी ठरवणार’ एवढंच त्यांना म्हणायचंय. पहाटे पुळणीवर करावं की घरात? लेखी काय घ्यावं?

पडवी:
घरातच. पुळणीवर पहाटेही रापणवाले, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे कोळी, असतात. भारतीय न्याय संहितेचं कलम 296 सार्वजनिक जागी, इतरांना त्रास होईल अशा अश्लील कृतीला लागतं. खटला टिको न टिको, मनस्ताप त्या बायकांना.

घराच्या भिंतींचा तांबडा जांभा दगड मात्र फसवतो. त्याच्यावरून परतलेला उजेड तांबूस असतो आणि कॅमेऱ्यातल्या ऑटो व्हाइट बॅलन्सला (रंग आपोआप जुळवणारी सोय) तो नीट सावरता येत नाही. खिडकीपासून दीडेक मीटरवर उभं करा, जवळच्या चिऱ्यांवर पांढरी चादर टाका, पहिल्या फ्रेममध्ये ग्रे कार्ड (नंतर रंग जुळवायला लागणारं करडं कार्ड) घ्या. व्रण दिसायला हवा तर उजेड बाजूने, त्वचेला घासून जाणारा हवा. समोरून आला की व्रण सपाट होतो. फुल फ्रेमवर 50 मिमी, एफ/4, 1/125, आयएसओ 800 पासून सुरू करा. 28 किंवा 35 मिमीच्या लेन्सने फार जवळ गेलात तर पुढचा अवयव फुगतो. इलॅस्टिकचे वळ जायला तासभर तरी लागतो, म्हणून त्यांना आधीच सैल गाऊन घालायला सांगा. आणि कातडी गुळगुळीत करणारं रिटचिंग अजिबात नको. व्रण पुसला की त्यांचं म्हणणंच पुसलं!

कोकम_आगळ:
करारात बहुतेक जण चुकतात. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार, कुणी पैसे देऊन काढून घेतला नसेल तर फोटोचा पहिला मालक फोटोग्राफर. म्हणजे देह तिचा, चित्र तुमचं. हक्क तिला द्यायचे तर लेखी द्या. मुदत लिहिली नाही तर 5 वर्षं आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरला जातो. काढणं, प्रदर्शनात लावणं आणि नेटवर टाकणं यांची संमती वेगवेगळी घ्या. काढायला होकार आहे पण पसरवायला नाही, अशा वेळी पसरवणं न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा ठरतो.

नुसती नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे, संदर्भ पाहावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या अवीक सरकार निकालात स्पष्ट केलंय. तरी नेटवर टाकल्यास आयटी कायद्याच्या कलम 67 ची तक्रार होऊ शकते. म्हणून प्रत्येक चित्रासोबत तिचं निवेदन असू द्या.

चिरा_तांबडा:
दापोलीजवळच्याच मुरूडच्या कर्वे घराण्यातल्या र. धों. नी आपल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाच्या मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचित्रं छापली, अश्लीलतेचे खटले सोसले, 1934 मध्ये त्यांची बाजू बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. मोठं धाडस, पण कुठलं चित्र छापायचं ते संपादक ठरवायचे. इथे ते त्या बायकांनी ठरवू दे. शटरचा रिमोट तिच्या हातात द्या. निवड त्याच दिवशी, तिच्या शेजारी बसून करा. तिने नाकारलेल्या फाइली नुसत्या डिलीट करू नका, मेमरी कार्डावरून त्या परत काढता येतात. कार्डच तिला देऊन टाका. फोनचं आपोआप क्लाउडवर जाणारं बॅकअप आधी बंद करा आणि फाइलमधली जीपीएसची ठिकाणाची नोंद काढा, नाहीतर चेहरा न दाखवताही घर सापडतं.

सुरंगी:
एकीला चेहरा नको आहे, पण गळ्यातली पोत हवी आहे.

चिरा_तांबडा:
गावात पोतीवरूनही ओळखतील. तिला हे आधी सांगा, मग ती म्हणेल तसं.